तिथे वॉचमन नसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याला ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा युरोपीय संघाचा परवाना) जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरी मिळाली आहे, सप्टेंबरच्या सुरुवातीला तुम्ही तिघं निघणार, मुलगी सात वर्षांची आहे आणि सासूबाई ऐरोलीतच राहणार. व्हिसा, विमा, पगार यांची माहिती कंपनी देते आहे. पण सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचं जगणं नेमकं कुठे वेगळं पडतं, सोबत काय न्यायचं, आणि तिथले लोक तुसडे असतात हे खरं का, हे कोणी नीट सांगत नाही.

मी त्याच भागात बरीच वर्षं संसार केला, मुलं तिथल्या शाळेत घातली. आता पाचपाखाडीत जर्मन शिकवते. ऐरोली, महापे, घोडबंदर रोड इथून निघणारी बरीच कुटुंबं जाण्याआधी माझ्याकडे येऊन बसतात. थंडी, जेवण आणि भाषा यांची धास्ती सगळे घेतात. त्यातली थंडी आणि जेवण पहिल्या वर्षात अंगवळणी पडतं, भाषाही कामापुरती येते. दमछाक होते ती दुसऱ्याच गोष्टीने. आपल्याकडे नियम आणि आपण यांच्यामध्ये कायम कोणीतरी माणूस असतो. गाडी चुकीच्या जागी लावली तर वॉचमन येऊन सांगतो, कचरा ओला-सुका वेगळा केला नाही तर सफाईवाल्या मावशी कुरकुरतात, पाणी कधी जाणार ते सेक्रेटरी काका व्हॉट्सॲपवर टाकतात. नियम आपल्याला तोंडी कळतो आणि बरेचदा तोंडीच वाकतो. तिथे ही मधली माणसं नसतात. नियम एकदाच, कागदावर येतो. तो तुम्ही वाचला, असं सगळे धरून चालतात. पाळला नाही तर आठवण करून देणारा माणूस म्हणजे थेट शेजारी. लोक ज्याला तुसडेपणा म्हणतात, त्यातला निम्मा इथून येतो. आपल्याकडे शेजाऱ्याशी गोड बोलायचं आणि तक्रार सेक्रेटरीकडे करायची, ही सोय आहे. त्यांच्याकडे ती नाही.

म्हणून तयारी करायची ती कागदाची. सुरुवात दाराच्या बेलपासून होते. जर्मनीत बेलवर आणि पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. तुमचा फ्लॅट क्रमांक त्याला माहीत नसतो, कारण पत्त्यात तो बहुतेक वेळा नसतोच. बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, कर ओळख क्रमांक, शाळेचं पत्र, सगळं टपालाने येतं. घरात पाऊल टाकल्यावर पहिलं काम म्हणजे कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून चिकटवणं. नवरा-बायकोची आडनावं पासपोर्टवर वेगळी असतील तर दोन्ही लिहा. आणखी एक आपल्याच लोकांची भानगड. पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडून असतं. तिथल्या कार्यालयाला ती दोन्ही तुमचीच नावं वाटतात. मग बायकोच्या विम्याच्या कार्डावर नवऱ्याचं नाव तिचं दुसरं नाव म्हणून छापून येतं. त्याला काही इलाज नाही, हसून सोडून द्यायचं. मात्र जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला आणि पासपोर्ट या तिन्हीवर स्पेलिंग एकच आहे ना, हे इथून निघण्याआधी तपासा. महापालिकेच्या दाखल्यातलं एक अक्षर इथे बदलून घेणं कटकटीचं आहे, तिथे बसून ते करणं जवळजवळ अशक्य.

घरात राहायला गेल्यावर १४ दिवसांत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाने सही केलेला फॉर्म लागतो, तो चावी घेतानाच मागून घ्या. मोठ्या शहरात भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून ती इथूनच ऑनलाइन घेऊन ठेवलेली बरी. ही नोंदणी झाली की थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, दर घराला महिना १८.३६ युरो. घरात टीव्ही नाही म्हणून ते फाडून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. टीव्ही असो-नसो, ती भरावीच लागते आणि न भरल्यास दंड चढत जातो. एकूणच पत्र कळलं नाही तरी टाकून देऊ नका. एक फाइल करा, आठवड्यातून एकदा बसून सगळी पत्रं फोनवर भाषांतर करून वाचा. मुदतीची तारीख जिथे असेल तिथे खूण करा.

आता घराबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण पहिल्या वर्षातले बहुतेक तंटे घरातूनच होतात. भाड्याचं रिकामं घर म्हणजे तिथे खरोखरच रिकामं असतं. स्वयंपाकघरात सिंक नाही, ओटा नाही, शेगडी नाही, छताला दिव्याऐवजी वायरी लोंबतात. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचकटून घेऊन गेलेला असतो. म्हणून जाहिरातीत स्वयंपाकघर बसवलेलं आहे का, हे आधी पाहा. भाडं दोन प्रकारे सांगतात, गार आणि गरम. गरम भाड्यात हीटिंग, पाणी, जिन्याची सफाई वगैरे धरलेलं असतं, वीज मात्र बहुतेक वेगळी. अनामत रक्कम गार भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, असा कायदाच आहे.

बाथरूमकडे नीट लक्ष द्या. तिथे मोरी नसते. शॉवरचा कोपरा सोडला तर जमिनीला पाणी जायला भोक नसतं, आणि फरशीखालून पाणी अडेल याचीही खात्री नसते. आपल्याकडून गेलेली बाई पहिल्या शनिवारी सवयीने बादलीभर पाणी ओतून बाथरूम धुते आणि संध्याकाळी खालच्या घराच्या छताला ओल येते. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाला यापायी खालच्यांचं छत रंगवून द्यावं लागलं. त्यांनी तिसऱ्याच्या नुकसानीचा वैयक्तिक विमा काढलेला होता म्हणून निभावलं. हाफ्टफ्लिष्ट नावाचा हा विमा सक्तीचा नाही आणि तुलनेने स्वस्त आहे. पोरीने कोणाच्या गाडीवर सायकलने ओरखडा काढला तरी तो उपयोगी पडतो. पहिल्या महिन्यातच काढा. पाण्याचा जेट नसतो, त्याची सोय एका मगने होते. एक इथून न्या.

खिडक्या. हिवाळ्यात आपण काय करतो, सगळं घट्ट लावून हीटर वाढवतो. वर डाळ शिजते, कपडे घरात वाळत घातलेले, तिघांचे श्वास. ती वाफ थंड भिंतीवर बसते आणि जानेवारीपर्यंत कपाटामागे काळी बुरशी. पावसाळ्यात आपल्या चपलांना लागते तशीच, फक्त इथे ती पुसून विषय संपतो. तिथे घरमालक विचारतो की तुम्ही हवा खेळवत होता का, कारण भाडेकरारात ते लिहिलेलं असतं आणि घर सोडताना अनामत त्यावर अडते. दिवसातून दोन-तीनदा, हीटर बंद करून, समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडायच्या आणि पाच-दहा मिनिटांनी लावायच्या. बाहेर शून्याखाली असलं तरी. खिडकी दिवसभर थोडीशी कलती ठेवणं सर्वांत वाईट, त्याने भिंती गार पडतात आणि बिल वाढतं. फोडणीच्या वासाबद्दलची भीतीही यातच सुटते. फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार लावा आणि खिडकी उघडा. जिन्याकडचं दार उघडून वास बाहेर घालवणं हे सोडून काहीही चालेल.

स्टुटगार्टच्या परिसरात आणखी एक प्रकार आहे जो जर्मनीत इतरत्र इतका पाहायला मिळणार नाही: केरवोखे. एखाद्या सोमवारी तुमच्या दाराच्या कडीला एक पाटी लटकलेली दिसेल. त्याचा अर्थ त्या आठवड्यात जिना पुसायची पाळी तुमची. मोठी पाळी असली तर तळघर, कचऱ्याच्या पेट्यांची जागा आणि समोरचा फुटपाथही. बर्फ पडला तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास तो फुटपाथ साफ झालेला हवा. पंधराव्या शतकाच्या शेवटापासून शहरात रस्ते स्वच्छ ठेवण्याचे आदेश निघत गेले, त्यातून ही पद्धत रुजली. शहराची सक्ती १९८०च्या दशकाच्या शेवटी गेली, पण भाडेकरारात ती अजून असते. आपल्याकडची माणसं इथे दोन प्रकारे अडकतात. एक, 'आपण इंजिनिअर, जिना पुसायचा?' हा प्रश्न. त्याला उत्तर नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीशही पुसतात. दोन, पाटीचा अर्थच कळत नाही आणि ती तशीच आठवडाभर लटकते. जिना आधीच स्वच्छ दिसत असला तरी पुसा, आणि पुसताना चार जणांना दिसा. शनिवारी सकाळी बादली घेऊन जिन्यात उभं राहिलात तर जितक्या ओळखी होतील तितक्या ऑफिसच्या पार्टीत होणार नाहीत.

रविवार म्हणजे शांतता. दुकानं बंद, स्टेशनवरची दुकानं, पेट्रोल पंप आणि काही तास बेकरी एवढंच उघडं. दूध-भाजी शनिवारी भरून ठेवायची. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल चालवायचं नाही, आणि काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या टाकीत टाकायच्या नाहीत, कारण त्या खळखळतात. रोज रात्री दहा ते सकाळी सहा हाही शांततेचा वेळ. मिक्सर आणि कुकरची शिट्टी त्याआधी आटपा. मुलांच्या रडण्या-धावण्याकडे कायदा बराच मायेने पाहतो, त्याची चिंता नको. कचऱ्याचे रंग गावागावात थोडे बदलतात. नगरपालिका वर्षाचं कचऱ्याचं कॅलेंडर देते, ते फ्रिजवर लावा. बाटल्यांपैकी बऱ्याच परत देता येतात. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकली की पावती मिळते. तुमची मुलगी हे काम आनंदाने अंगावर घेईल.

लोकल-मेट्रोलाही फाटक नाही. ठाण्याच्या पुलावर टीसी दिसतो, तिथे कोणी दिसत नाही, साध्या कपड्यांतला तपासनीस अचानक डब्यात कार्ड दाखवतो. तिकीट नसेल, किंवा कागदी तिकिटावर शिक्का मारायचा राहिला असेल, तर ६० युरो. 'नवीन आहे हो' हे चालत नाही. महिन्याचं डॉइचलांड तिकीट काढा, २०२६ पासून ते ६३ युरोंना आहे. देशभरातल्या स्थानिक बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्या त्यात येतात, वेगवान लांब पल्ल्याच्या नाहीत.

आता शेजारी. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास प्रत्येक दाराची बेल वाजवा, नाव सांगा, कुठून आलो ते सांगा, दोन मिनिटांत निघा. आत बोलावलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. तिथे कुरिअरवाला तुम्ही घरी नसाल तर पार्सल शेजाऱ्याकडे ठेवून जातो, आणि शेजारी ते घेतातही, म्हणून ही ओळख अगदी पहिल्या दिवसापासून कामाची. पुढे कधी कोणी येऊन म्हणेल, 'तुमची सायकल जिन्यात आहे, ती तिथे ठेवायची नाही.' ना नमस्कार, ना चहा. त्यात राग बहुतेक वेळा नसतो. 'हो, हलवते' एवढं उत्तर दिलं की विषय संपतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस दार धरून उभा राहतो. लांबलचक कारणं दिलीत तर मात्र त्याला वाटतं तुम्ही भांडताय. वंशद्वेष अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. घर शोधताना आडनाव पाहून उत्तर न येणं हे घडतं, बसमध्ये एखादा वेडंवाकडं बोलतो. फरक करायला शिका: नियम सांगणारा माणूस नियमाबद्दल बोलतो आणि थांबतो. तुमच्याबद्दल बोलायला लागला की तो दुसरा प्रकार, तिथे ऐकून घ्यायचं काही कारण नाही.

जेवायला बोलावणं हा वेगळाच तास घ्यावा असा विषय आहे. बोलावणं दोन-तीन आठवडे आधी येतं, वेळ सात म्हणजे सात. साडेसातला गेलात तर जेवण गार झालेलं असतं आणि कोणी बोलत नाही. फुलं किंवा चॉकलेट न्या. चपला दारात काढायच्या का ते यजमान सांगतात, बरेचसे काढतातच, तेवढं आपल्यासारखं. सगळ्यांत मोठी गंमत आग्रहाची. 'अजून घेणार?' विचारल्यावर आपण रीतीप्रमाणे 'नको नको' म्हणतो आणि वाट पाहतो. तिथे दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. तुमचा नकार त्यांनी मान देऊन स्वीकारलेला असतो. भूक असेल तर पहिल्याच वेळी 'हो' म्हणा. उलट बाजूने, ते तुमच्याकडे आले तर ताटात बळेच वाढू नका. एकदा वाढलं तर कौतुक, दोनदा वाढलं तर त्यांना घाम फुटतो. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी कधीच देऊ नका, ते अशुभ मानतात. ज्याचा वाढदिवस तोच ऑफिसात केक नेतो, हे नवऱ्याला सांगून ठेवा.

दारातली रांगोळी आणि उंबऱ्यावरचं स्वस्तिक. नाझी चिन्हांवर जर्मनीत फौजदारी कायद्याने बंदी आहे. आपलं धार्मिक स्वस्तिक हा त्या गुन्ह्याचा विषय नाही, पण जिन्यातून जाणाऱ्या ऐंशी वर्षांच्या बाईंना ते कोण समजावत बसणार? देवघरात ठेवा, दाराबाहेर नको. बाहेर तोरण लावा, गोपद्म काढा. धुपाच्या वेळी खिडकी उघडी असू द्या, झोपायच्या खोल्यांत आणि मधल्या वाटेत धूर ओळखणारं यंत्र कायद्याने असतं आणि ते आरतीच्या मध्येच कोकलतं.

मुलीबद्दल तुम्ही जास्त काळजीत आहात, म्हणून स्पष्ट सांगते: तुम्हा तिघांत सर्वांत लवकर तीच रुळेल. शाळा सक्तीची आहे आणि घरच्या पत्त्यावरून ठरते, निवडीला फारसा वाव नाही. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी स्टुटगार्ट ज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात पूर्वतयारीचे वर्ग असतात. कदाचित तिला पहिलीत बसवतील, तेव्हा इथे दुसरीत होती म्हणून वाद घालू नका; एक वर्ष मागे बसून भाषा पक्की झाली तर पुढे त्याचा फायदाच होतो. निघण्याआधी दोन कामं करा. एक, लसीकरणाचं पत्रक. मार्च २०२० पासून शाळेत प्रवेशासाठी गोवर प्रतिबंधाचा पुरावा लागतो, म्हणजे दोन डोस. तुमच्या डॉक्टरांकडून सगळ्या लसी इंग्रजीत, तारखांसह, सही-शिक्क्याने लिहून घ्या. दोन, तिला आजपासून पोहायला घाला. तिथे प्राथमिक शाळेतच पोहण्याचे तास असतात आणि बरीच मुलं त्याआधीच शिकलेली असतात. वर्गात भाषा येत नसलेल्या मुलीला पाण्यात तरी बरोबरीने उतरता आलं, तर तिचा आत्मविश्वास कितीतरी वाढतो.

शाळेत ती काही आठवड्यांनी एकटी चालत जायला लागेल. शिक्षिका तुम्हाला तसं सांगतीलच. आपल्याला धडकी भरते, सेक्टरमधल्या शाळेलाही आपण बस लावतो. पण तिथे मुलांना पोलीस येऊन रस्ता ओलांडायला शिकवतात, आणि लाल सिग्नलला मोठी माणसं मुलांसमोर थांबतात. तुम्हीही थांबा, रस्ता मोकळा असला तरी. नाहीतर कोणी ना कोणी मोठ्याने ऐकवेल. डब्यात पोळी-भाजी चालते, पण पहिले काही महिने तीच पाव-काकडी मागेल. देऊन टाका, घरी आल्यावर वरण-भात आहेच. प्राथमिक शाळा बरेच ठिकाणी दुपारी बारा-एकला सुटते. तुम्हाला नोकरी करायची असेल तर दुपारच्या सांभाळाची जागा शाळेच्या नोंदणीबरोबरच मागा, नंतर मिळत नाही.

एक कडक गोष्ट. सुट्टी सोडून शाळा बुडवता येत नाही. गणपतीला चार दिवस जास्त घेऊन घरी यायचं, मुलीला ताप आला असं कळवायचं, हे इथलं चालणारं गणित तिथे दंडापर्यंत जातं. २०१८ साली बव्हेरियातल्या मेमिंगन विमानतळावर सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवसांत पोलिसांनी शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबांची चौकशी केली होती, ते बरंच गाजलं. तुम्ही जाताय त्या बाडेन-व्युर्टेमबर्गची उन्हाळी सुट्टी साधारण जुलैअखेर ते सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते. गणपती लवकर आले त्या वर्षी साधतं, उशिरा आले की नाही.

तुमच्या स्वतःबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. नवऱ्याला ऑफिस आहे, मुलीला शाळा आहे, कठीण जातं ते तुम्हाला. सप्टेंबर, ऑक्टोबर नवलाईत जातो. दिवाळीनंतर घड्याळ एक तास मागे गेलेलं असतं, डिसेंबरात साडेचारलाच अंधार, सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि कित्येक दिवस दिसतच नाही. इथे खिडकीत उभं राहिलं तरी माणसं दिसतात. तिथे रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मी पाहिलेल्या बहुतेक बायका नोव्हेंबरात कोलमडल्या. उपाय ऑक्टोबरात करायचा असतो. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही, म्हणून बऱ्याच जणी शिकतच नाहीत. तसं करू नका. इथून पहिली पातळी, जमली तर दुसरीही, करून जा. मुंबईत काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन आहे, ठाण्यातही वर्ग आहेत. गेल्या-गेल्या तिथल्या लोकविद्यापीठात (मोठ्यांसाठी वर्ग चालवणारी संस्था) पुढच्या पातळीचं नाव घाला, म्हणजे रोज घराबाहेर पडायला कारण मिळतं. आपल्याला 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद जन्मापासून येतो, त्यामुळे शिक्षिकेला आणि शेजाऱ्यांना आदराने बोलण्यात इंग्रजीतून येणारे अडखळतात तसे तुम्ही अडखळणार नाही. स्टुटगार्टचे लोक बोलतात मात्र श्वेबिश बोली. पहिले सहा महिने काही कळलं नाही तर दोष वर्गाचा नाही.

दुसरं, गावच्या क्रीडामंडळात जा. तिथली मैत्री ऑफिसात होत नाही, मंडळात होते. जिमनॅस्टिक, गाणं, बागकाम, काहीही. मुलीला मुलांच्या वर्गात घाला आणि स्वतः बायकांच्या व्यायामाला. मराठी मंडळी भेटतीलच, गणपती-दिवाळीला त्यांच्यात जीव रमतो. पण शनिवार-रविवार फक्त आपल्याच चार कुटुंबांत घालवणारी माणसं पाच वर्षांनीही पत्र वाचायला दुसऱ्याला बोलावतात, हेही मी पाहिलं आहे. अंधाराचं सांगायचं तर डॉक्टरांना ड जीवनसत्त्व तपासायला सांगा आणि दुपारी ऊन असो-नसो, अर्धा तास चाला.

डॉक्टरांवरून आठवलं. तुमच्या नवऱ्याचा सरकारी विमा असेल आणि तुमची कमाई नसेल, तर तुम्ही आणि मुलगी त्यातच वेगळे पैसे न भरता येता. तापाला डॉक्टर बहुधा विश्रांती आणि चहा सांगतील. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. तातडीचं संकट असेल तर ११२. दवाखाने बंद असताना पण जिवावरचं नसेल तेव्हा ११६११७.

सामान. तांदूळ, डाळ, पीठ नेऊ नका, सगळं मिळतं. तुर्की दुकानात कोथिंबीर, पुदिना, भेंडी, आशियाई दुकानात पोहे, साबुदाणा. शेपू आणि नवलकोल तर तिथल्या साध्या बाजारातच. चक्क्याच्या जागी क्वार्क नावाचं घट्ट दही मिळतं, त्याचं श्रीखंड फक्कड होतं. तूप नेऊ नका: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला मनाई आहे. तूप, खवा, पनीर, श्रीखंड सगळं त्यात आलं. तिथलं बिनमिठाचं लोणी कढवलं की उत्तम तूप होतं. ताजी फळं-भाज्याही वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. त्याला पाचच अपवाद आहेत: नारळ, केळी, अननस, खजूर आणि डुरियन. थोडक्यात नारळ जातो, हापूस आणि कढीपत्ता जात नाही. न्यायचं ते असं: सपाट बुडाचा कुकर, त्याच्या दोन जादा रिंगा आणि शिट्टी, सपाट तवा, पोळपाट-लाटणं, पुरणयंत्र, गोडा मसाला, मेतकूट. मिक्सर तिथल्या विजेवर चालतो, पण आपला जाड पिनांचा प्लग तिथे बसत नाही. स्वेटर-कोट मात्र इथून घेऊ नका, ठाण्यात मिळणारा कोट तिथल्या जानेवारीत रुमालाइतका उपयोगी. आणि नवऱ्याला गाडी चालवायची असेल तर इथला परवाना तिथे राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतो, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा दोन्ही द्याव्या लागतात.

शेवटी सासूबाई. दोघांचेही इथले मोबाइल नंबर चालू ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. अनिवासी झालात की इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासींसाठीचं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं, ते त्यांचा खर्च ज्या खात्यातून जातो त्याला आधी करा. फोनची वेळ ठरवून घ्या: फरक उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा, म्हणजे तुमची संध्याकाळी सातची जेवणं आटपतात तेव्हा हिवाळ्यात ऐरोलीत साडेअकरा वाजलेले असतात. त्यांच्यासाठी तुमची दुपार सोयीची. भेटीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो, आणि यजमान म्हणून तुमच्या नवऱ्याला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून खर्चाचं हमीपत्र घ्यावं लागू शकतं. त्याची वेळ महिना-दोन महिने आधी मागा. कायमचं आणण्याबद्दल तुम्ही सूचक विचारलं आहे. १ मार्च २०२४ ला किंवा त्यानंतर पहिल्यांदा ब्लू कार्ड मिळालेल्यांना आई-वडिलांना आणण्याची वाट कायद्याने उघडली आहे, पण त्यांचा पूर्ण खर्च आणि आरोग्य विमा तुम्ही दाखवावा लागतो, आणि साठीपुढच्या माणसाला तिथे विमा मिळवणं हीच खरी अडचण आहे. तो दर कळल्याशिवाय त्यांच्याशी याबद्दल बोलू नका.

पहिल्यांदा बोलवाल तेव्हा मे महिन्यात बोलवा. रात्री नऊपर्यंत उजेड असतो, बागेत बसता येतं. तीन महिन्यांचं तिकीट मात्र काढू नका. ऐरोलीत ज्यांचा संध्याकाळचा बाकावरचा गट आहे, त्या बाई पाचव्या आठवड्यात परतीची तारीख विचारायला लागतात. सहा आठवडे पुरे.